एकाच घरातील दोन वाटा

(गेवराई येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



घरातील कलह आणि अचानक कोसळणारे आघात माणसाच्या जीवनाला कोणती दिशा देतात, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची अपेक्षा आहे. या विषयासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. ज्यांच्यामागे साडेसाती लागली अशी श्रद्धा आहे, ते भाविक तेथे येतात, तेल वाहतात आणि संकट टळावे म्हणून प्रार्थना करतात. योगायोग असा की, ज्या तरुणाच्या आयुष्यात एकामागून एक अरिष्टे कोसळली होती, त्याच्या पराक्रमाची पहिली मोठी साक्षही याच भूमीने पाहिली. त्या तरुणाचे नाव थोरले माधवराव पेशवे. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ रोजी झाली, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. तथापि ती लढाई जेवढी निजामाविरुद्धची होती, तेवढीच ती एका दुभंगलेल्या घराची कथा आहे, हे पुष्कळदा आपल्या लक्षात येत नाही.

आघातांची मालिका

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ धारातीर्थी पडले. विश्वासराव हे नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र. गादी त्यांच्याकडे जायची होती. पुत्र आणि चुलतभाऊ यांच्या निधनाने खचलेल्या नानासाहेबांनी २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर देह ठेवला. अवघ्या पाच महिन्यांत घरातील तीन कर्ते पुरुष गेले आणि पेशवाईची वस्त्रे द्वितीय पुत्र माधवरावांच्या अंगावर आली. त्यांचा जन्म फेब्रुवारी १७४५ चा, म्हणजे वय अवघे सोळा. पानिपत घडले नसते तर माधवराव कदाचित थोरल्या भावाचे कर्तबगार सहकारी म्हणून इतिहासाला ठाऊक झाले असते. त्यांनी हे पद मागितले नव्हते. दुर्दैवाने ते त्यांच्यापुढे आणून उभे केले.

त्याच घरात दुसरी व्यक्ती होती, रघुनाथराव. नानासाहेबांचे धाकटे बंधू, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षात. इतिहास त्यांना राघोबादादा म्हणून ओळखतो आणि बहुधा दूषणेच देतो. परंतु न्यायबुद्धीने पाहायचे तर १७५८ साली मराठ्यांच्या फौजा लाहोरात शिरल्या, त्या मोहिमेचे नेतृत्व त्यांचेच होते. शौर्यात ते कमी नव्हते. अनुभवी चुलत्याने बाजूला बसावे आणि सोळा वर्षांच्या पुतण्याने हुकूम सोडावेत, हे त्यांच्या मनाला पटले नाही. ही भावना मानवी आहे. आपल्या अनेक घरांत ती आजही दिसते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पानिपत दोघांवरही कोसळले होते. नानासाहेब एकाचे पिता, तर दुसऱ्याचे बंधू. घर एक, दुःख एक, कुळाचा लौकिक एक. तरीही येथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकाने त्या आघाताकडे उत्तरदायित्व म्हणून पाहिले, तर दुसऱ्याने आपल्यावर झालेला अन्याय म्हणून.

आळेगाव ते राक्षसभुवन

१७६२ साली वितुष्ट विकोपाला गेले. रघुनाथरावांनी पुणे सोडले, फौज जमवली आणि घरातील भांडणात निजामअलीचे साहाय्य घेतले. ज्याच्या विरुद्ध १७६० मध्ये उदगीरला विजय मिळवला होता, त्याच दरबाराच्या दाराशी पेशव्यांच्या घरातील पुरुष मदतीसाठी गेला. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी आणि आळेगाव येथे चुलता-पुतण्यांच्या सेना एकमेकींसमोर आल्या. मराठ्यांची तलवार मराठ्यांवरच चालली, आणि तीही पानिपतानंतर दोन वर्षे उलटण्याआधी!

आळेगावला माधवरावांनी जो निर्णय घेतला, तो माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड निर्णय होता. लढाई लांबवता आली असती. एखाद्या परक्या सत्तेचा हात धरता आला असता. त्यांनी तसे काही केले नाही. ते स्वतः चुलत्याच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. राज्य दुभंगण्यापेक्षा आपण नमते घ्यावे, हा विचार सतराव्या वर्षी सुचणे सोपे नाही.

सत्ता रघुनाथरावांच्या हाती आली. सूडबुद्धीचा कारभार सुरू झाला. गोपाळराव पटवर्धनांसारखा निष्ठावंत सरदार मिरज गमावून निजामाकडे गेला. नागपूरकर जानोजी भोसले निजामाला मिळाले. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा या कारस्थानाचा सूत्रधार होता. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. ज्या निजामाला घरातील भांडणासाठी बोलावले, त्यानेच वर्षभरात घराला आग लावली. बाहेरच्याला आपल्या वादात ओढल्यावर तो आपल्या सोयीने परत जात नाही, हा त्यातील धडा आहे. आणि दुही ही काही आपल्याच वाट्याला आलेली नव्हती. याच निजामअलीने १७६२ मध्ये स्वतःच्या भावाला, सलाबतजंगाला, पदच्युत करून कैदेत टाकले होते. घर फोडून सत्ता मिळवण्याचा रोग कोणत्याही एका दरबाराचा नव्हता.

यानंतरचा प्रसंग आपल्या गोदाकाठी घडला. जानोजी भोसल्यांना निजामापासून वेगळे करण्यात पेशव्यांना यश आले होते. पावसाळ्याचे दिवस, गोदावरी दुथडी भरलेली. औरंगाबादकडे निघालेला निजाम निम्म्या फौजेसह नदी ओलांडून पलीकडे गेला आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडच्या तीरावर राहिला. पेशव्यांच्या सेनेने नेमकी ही संधी साधली. लढाई तुंबळ झाली. एका क्षणी हत्तीवर बसलेले रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले. तेव्हा अठरा वर्षांचे माधवराव फौज घेऊन त्यांच्याकडे धावले.

बंधुभगिनींनो, हा क्षण थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ज्या चुलत्याने आपल्याविरुद्ध शस्त्र उचलले, आपल्याला नजरेच्या धाकात ठेवले, तो शत्रूच्या वेढ्यात आहे. थोडा उशीर झाला असता तर पुतण्याच्या मार्गातील काटा आपोआप दूर झाला असता आणि कोणी बोटही दाखवले नसते. माधवरावांनी उशीर केला नाही. चुलता वाचला, विठ्ठल सुंदर रणात पडला, निजामाची फौज उधळली आणि पलीकडच्या तीरावरून निजामाला हे सारे हतबलपणे पाहावे लागले. पुढे सप्टेंबरमध्ये औरंगाबादला तह झाला. पटवर्धन परत आले, त्यांची मिरज त्यांना मिळाली. त्या दिवसापासून माधवराव खऱ्या अर्थाने पेशवे झाले.

क्षमा आणि मर्यादा

परंतु ही कथा येथे गोड शेवट करून थांबवली तर ती अर्धवट होईल. वाचवलेल्या चुलत्याचे मन पालटले नाही. त्यांनी अर्ध्या राज्याची वाटणी मागितली. माधवरावांनी येथे मात्र ठाम नकार दिला. स्वतःचा अधिकार त्यांनी आळेगावला सोडला होता; राज्याचे तुकडे करणे हा त्यांचा अधिकारच नव्हता. अखेर जून १७६८ मध्ये नाशिक भागातील धोडप किल्ल्यापाशी लढाई झाली, रघुनाथराव पराभूत झाले आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. देहदंड नाही, विटंबना नाही. परंतु पुन्हा घर फोडण्याची मोकळीकही नाही. क्षमा कोठवर आणि मर्यादा कोठून, याचे इतके स्पष्ट भान फार थोड्या माणसांना असते.

या भानाची किंमत त्यांनी मोजली. मातोश्री गोपिकाबाईंशीही अंतर पडले आणि त्या नाशिकजवळच्या गंगापूरला जाऊन राहिल्या. शरीरात राजयक्ष्म्याने घर केले होते. तरीही याच काळात हैदरअलीवर मोहिमा झाल्या, न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह पुरुष होता, आणि पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते.

आणि दुसरी वाट? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना त्याबद्दल दोषी ठरवले. पुढे १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी करार करून रघुनाथरावांनी परकीयाला पुन्हा घरात आणले आणि त्यातून सात वर्षांचे युद्ध उद्भवले. लाहोरपर्यंत गेलेला हा वीर १७८३ मध्ये कोपरगावी गोदावरीच्याच काठी एकाकी अवस्थेत निधन पावला. त्याला पराभवाने संपवले नाही. मनात जपलेल्या सलाने संपवले.

दोन आणखी साक्षी

हे केवळ राजघराण्यांपुरते नाही. गोदावरी ओलांडली की जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे लग्नाच्या बोहल्यावरून ते निघून गेले, अशी परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळीला तप, त्यानंतर भारतभ्रमण, आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा जांबला येऊन त्यांनी मातेचे दर्शन घेतले. घर सुटले, घराविषयी कटुता मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. सोडणे आणि तोडणे यांत फरक आहे, तो असा.

याच गोदेच्या प्रवाहात पुढे, मांजरेच्या संगमावर, कंदकुर्ती हे गाव आहे. डॉक्टर हेडगेवारांचे पूर्वज तेथले. नागपूरला १९०२ च्या प्लेगमध्ये डॉक्टरांचे मातापिता एकाच दिवशी गेले. केशव तेव्हा अवघा तेरा वर्षांचा. थोरले बंधू स्वभावाने तापट. घरात मायेचा ओलावा उरला नव्हता. त्यातच ‘वंदे मातरम्’च्या घोषामुळे शाळेतून नाव काढले गेले. एवढ्या आघातांनी एखादा मुलगा कडवट झाला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. परंतु शाळेतून निघालेला हा विद्यार्थी यवतमाळ, पुणे असे करीत कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचला, आणि १९२५ साली त्याने जे कार्य उभे केले, त्याचा आधारच मुळी आपुलकी हा होता. ज्याला स्वतःचे घर फार काळ लाभले नाही, त्याने हजारो घरे आपली मानली.

आपल्या बांधावर

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपला जिल्हा अवर्षणाचा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात. जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान होत आहेत. अशा वेळी दोन भावांमध्ये वाद कशावरून होतो? हातभर बांध कोरला म्हणून, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली म्हणून, सात-बारावर नाव आधी कोणाचे म्हणून. मोजणी होते, दावा दाखल होतो, तारखा पडत राहतात. ज्या रानासाठी भांडण, ते रान वकिलाच्या खर्चात गहाण पडते. एका आळीत राहणारे सख्खे भाऊ वर्षानुवर्षे परस्परांशी बोलत नाहीत. गावातील तंटे गावातच मिटावेत म्हणून राज्य शासनाने २००७ साली तंटामुक्त गाव योजना आणली. ती स्तुत्यच होती. परंतु कोणतीही योजना मनातील सल काढू शकत नाही.

याचा सर्वांत मोठा धोका कोणता? पाऊस दगा देतो, पीक जाते, कर्ज डोक्यावर येते, तेव्हा माणसाला पहिला आधार भावाच्या दाराचा असतो. ते दार भांडणामुळे बंद झालेले असेल, तर तो माणूस सावकाराकडे जातो, आणि सावकाराचेही दार बंद झाले की त्याच्या मनात काय येते, हे मराठवाड्यात मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मागे राहिलेल्या भावाला मग कळते की, बांधाचा वाद किती क्षुद्र होता.

म्हणून माझे निवेदन एवढेच की, वाद असेल तर तो न्यायाने सोडवा. कोणी अन्याय करीत असेल तर माधवरावांसारखे ठाम राहा, हक्काचे असेल ते मागा. परंतु भाऊ गराड्यात सापडला आहे असे दिसले, तर त्या क्षणी कागदपत्रे बाजूला ठेवा आणि धावत जा. तो नंतर बदलेल की नाही, याची हमी माधवरावांनाही नव्हती. आपल्या मुलांनी मात्र आपल्याला धावताना पाहिलेले असेल, आणि संस्कार याहून वेगळा काय असतो?

गोदाकाठच्या गावागावांत असे अबोले आहेत. येथे बसलेल्या प्रत्येकाला त्यांपैकी निदान एक ठाऊक असेल, कदाचित तो स्वतःच्याच घरातला असेल. या दिवाळीत ऊसतोडीला गाड्या निघण्यापूर्वी तो मिटावा, अशी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय.