उन्हाळ्यातील डोह आणि आपली जबाबदारी

(सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासमोर केलेले भाषण)



चैत्र सरून वैशाख लागला की आपल्या बहुतेक नद्यांची धार तुटते. पात्रात उरतात ते डोह. पावसाळ्यात कोसभर विखुरलेले मासे आता या डोहांच्या आश्रयाला आलेले असतात. म्हणून मासेमारी या दिवसांत सर्वांत सोपी असते, आणि नदीची हानीही याच दिवसांत सर्वांत अधिक होते.

याचे कारण पाण्यातच आहे. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. उलट उष्णतेमुळे माशाच्या शरीरव्यापारांना वेग येऊन त्याची प्राणवायूची गरज मात्र वाढते. मरळ किंवा मागूर हवेतून श्वास घेऊन तग धरतात. महासीरसारख्या माशांना ती सोय नाही. अशा वेळी गळाला लागून झुंजलेला मासा पाण्यात परत सोडला तरी पुष्कळदा दगावतो.

थंड पाण्यातील ट्राउट माशाच्या बाबतीत हे सत्य फार पूर्वी ओळखले गेले. आपल्याकडे काश्मीर व हिमाचल प्रदेशातील हिमजलाच्या प्रवाहांत हा मासा आढळतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की जाणता गळकरी त्याच्या वाटेस जात नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात तर नदीचे पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांपर्यंत तापले, की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत तेथील मासेमारी बंद ठेवता येते. आपले मासे याहून अधिक उष्णता सोसतात हे खरे. परंतु आटत्या डोहात तेही अखेरच्या मर्यादेवर जगत असतात.

असा संयम आपल्याला परका नाही. महाड तालुक्यातील वाळण कोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठचे तिळसे येथे देवाच्या नावाने राखलेले महासीर आजही पाहावयास मिळतात. आपल्या पूर्वजांनी प्राणवायू मोजला नव्हता; पण डोह राखला तर नदी राहते, हे त्यांनी जाणले होते. मृगाच्या सरी कोसळल्या की डोहातले हेच मासे वलगणीला चढतात आणि वरच्या अंगाला अंडी घालतात. वैशाखातला मासा म्हणजे आषाढातले बियाणे होय. बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही.

तथापि, येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. भोई, कातकरी, ठाकर अशा अनेक कुटुंबांच्या ताटात उन्हाळ्यात मासळीच असते. पाग टाकून दोन वेळची कालवणाची मासळी नेणाऱ्याला गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. डोह रिकामा होतो तो त्याच्यामुळे नव्हे. तो होतो सुरुंगाने, विषाने, पाण्यात वीज सोडल्याने आणि पंप लावून पाणी उपसल्याने. सुरुंग व विष यांचा मासेमारीसाठी वापर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासूनच निषिद्ध आहे. कायदा जुना आहे. उणीव आहे ती गावाच्या जागरूकतेची.

मग गावाने काय करावे? आपल्या हद्दीतील सर्वांत खोल डोह निवडून तो पहिल्या पुरापर्यंत राखीव ठेवावा. इतरत्र मोठ्या आसाचे जाळे वापरावे, म्हणजे पिले निसटतील. हौशी गळकऱ्यांनी भर उन्हाच्या दिवसांत गळ गुंडाळून ठेवावा. गळाला लागलेला मासा सोडावयाचा असल्यास हात ओले करून, कल्ल्यांना न धरता, तापल्या खडकावर न ठेवता, शक्यतो पाण्यातच मोकळा करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून डोहाची खोली व पाण्याचे तापमान दर आठवड्यास नोंदवून घ्यावे. अशी वही हाच गावाचा खरा पुरावा ठरेल.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसायाचा समावेश आहे. तेव्हा हा विषय ग्रामसभेपुढे अवश्य आणावा. मात्र ठराव करण्यापूर्वी नदीवर जगणाऱ्यांना प्रथम बोलू द्यावे. कोणता डोह आटत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? त्यांच्या संमतीने राखलेला डोहच खरोखर राखला जाईल.

पाऊस आपल्या हाती नाही. परंतु तो येईल तेव्हा नदीत चढावयास मासा शिल्लक असावा, एवढे निश्चितच आपल्या हाती आहे.