पाषाणाखालचे वास्तव



दि. 10 जुलै 2024 रोजी सकाळी कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात 4.5 रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच वर्षी 21 मार्चलाही हा जिल्हा हादरला होता. या काळ्या पाषाणाखाली काय दडले आहे, हा प्रश्न आता येथील प्रत्येक घराचा आहे.

याच प्रश्नाचा वेध डॉ. के. एल. कैला यांनी आयुष्यभर घेतला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेत त्यांनी 1972 पासून सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने देशातील खोल भूकंपीय सर्वेक्षणाचा पाया घातला. जमिनीत स्फोट घडवायचा, खालच्या थरांवरून परतणारी कंपने टिपायची आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून थरांची खोली काढायची, अशी ही पद्धत. 1967 च्या कोयना भूकंपानंतर त्यांच्या चमूने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी या रेषांवर सह्याद्रीचा तळ धुंडाळला.

दि. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत वेधनछिद्र घेण्यात आले. तेथे काळा पाषाण केवळ 338 मीटर जाडीचा निघाला. त्याखाली अतिप्राचीन खडक होता. वरची भूमी अखंड दिसली म्हणून खालचीही अखंड असते, असे नव्हे.

हे शास्त्र भूकंपाची तिथी सांगत नाही. किल्लारीत हजारोंचा बळी घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी. भूगर्भ आपल्या हाती नाही; घराची बांधणी मात्र निश्चितच आहे.