पाटणचा शिलालेख : एक गणिती सहल



जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावहून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे प्राचीन स्थान आहे. पाटणादेवीच्या दर्शनास तेथे अनेक सहली जातात. देवीचे दर्शन होते, पावसाळ्यात धबधबा पाहिला जातो, शिदोऱ्या सुटतात आणि मंडळी परततात. गणिताच्या इतिहासातील एक अनमोल दस्तऐवज याच स्थळी सापडला, याची वार्ता त्यांतील अनेकांना नसते.

हा दस्तऐवज म्हणजे येथील भवानीच्या देवळातील शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. लेखाचा नायक चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांनी १११४ मध्ये जन्म घेऊन वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. त्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून नातवाने पाटण येथे मठ स्थापन केला.

परंतु मठ केवळ इच्छेवर चालत नाही. सिंघणाचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणसमयी, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ रोजी, या मठास उत्पन्न नेमून दिले. ते कोठून यावे हे लेखाच्या अखेरीस सांगितले आहे आणि तो भाग संस्कृतात नसून त्या काळच्या मराठीत आहे. पंचायत सदस्यांनी तो अवश्य लक्षपूर्वक वाचावा. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून मिळणारा राजाचा वाटा मठाकडे. जितके तेलघाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल. मोजावयाचा माल मठाच्याच मापाने मोजावयाचा आणि मापणावळीचा अर्धा भाग मठास, अर्धा मापाऱ्यास. सुपाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. संस्कृत प्रशस्तीचे श्लोक विद्वानांसाठी होते. कराची कलमे मात्र तेल्याला आणि मापाऱ्याला ऐकून कळावीत अशा भाषेत कोरली गेली. कोणत्याही कार्यालयाच्या परिपत्रकाने हेवा करावा अशी ही सोय आहे!

मठाची वास्तू आज उभी नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत गजबजलेल्या या नगराचे भग्नावशेष, एक जुने महादेव मंदिर आणि डोंगरातील लेणी एवढेच आता दिसते. म्हणूनच पूर्वतयारी न करता गेलेल्या सहलीच्या पदरी फारसे पडत नाही. शनिवारी सायंकाळी चाळीसगावला मुक्काम करावा, त्या रात्री लेखाचे छापील वाचन मुलांपुढे मांडावे, मराठी ओळींचा अर्थ त्यांनीच लावावा. 'घाणे', 'पळी' हे शब्द खेड्यातील मुलांना परके नाहीत. शहरातील मुलांना कदाचित समजावून सांगावे लागतील.

रविवारी सकाळी देवीचे दर्शन झाल्यावर देवळासमोरील मोकळ्या जागेत एक दोरी घ्यावी. लीलावतीत एक उदाहरण आहे : बत्तीस हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला, त्याचे टोक मुळापासून सोळा हातांवर जमिनीस टेकले, तर तो किती हातांवर मोडला? आधी मुलांना अंदाज करू द्यावा. बहुतेकांचा अंदाज चुकेल, तो चुकू द्यावा. मग बत्तीस हातांच्या दोरीवर बाराव्या हाताशी खूण करावी. जमिनीवर बारा हातांची उभी बाजू आखून, तिच्याशी काटकोनात सोळा हातांची आडवी बाजू आखावी आणि दोरीचा उरलेला भाग ताणून पाहावा. वीस हातांचा तो भाग थेट सोळाव्या हाताच्या खुणेवर येऊन टेकतो. बारा, सोळा आणि वीस. ज्या गावाने आपल्या घाण्यांतील तेल या विद्येसाठी दिले, त्याच गावाच्या मातीत ती आकृती उमटलेली असेल.