बंद पडलेली मोटार : टोचन आणि तारतम्य
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



समाजाच्या ह्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांचा ऊहापोह दरवर्षी होतो व तो योग्यच आहे. आज आम्ही मात्र एका व्यावहारिक विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. बंद पडलेली मोटार दुसऱ्या वाहनाने ओढून नेणे, ज्यास आपण 'टोचन लावणे' म्हणतो, तोच हा विषय होय. वरकरणी तो क्षुल्लक भासेल. परंतु त्यात कुटुंबातील माणसांच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा सहा तालुक्यांचा. लग्नसराईत रिसोडचे वऱ्हाड मानोऱ्यास जाते, मंगरुळपीरचे पाहुणे मालेगावास येतात, रामनवमीस पोहरादेवीची वाट गजबजते. पूर्वी छकड्याचा आख मोडला तर मागून येणारा गाडीवान आपली बैलजोडी सोडून मदतीस येई. ती परोपकारबुद्धी आजही जिवंत आहे, हे आपले भूषणच होय. गाडी बंद पडली की भाऊबंद ट्रॅक्टर काढतात, चऱ्हाट बांधतात आणि घरातील एखादा पोरगा मागच्या गाडीच्या चाकावर बसतो. भावना उत्तम, पण रीत घातक. बैलाच्या चालीस जे शोभले ते डांबरी सडकेस शोभेलच असे नाही.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. त्याखाली १९८९ साली रस्त्याचे नियम झाले आणि २०१७ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. ओढून नेण्याविषयीचा मूळ दंडक मात्र कायम राहिला. यांत्रिक बिघाडाने निकामी झालेले वाहन ओढता येते, पण ते जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत. म्हणजे मेडशीजवळ बंद पडलेली गाडी दोराने थेट कारंज्यास घरी न्यावी, अशी मुभा कायदा देत नाही. मागील गाडीच्या चाकावर परवानाधारक चालक हवा. नाहीतर तिची पुढची चाके क्रेनने रस्त्यावरून उचललेली हवीत. दोन वाहनांतील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावे. दोर इतरांना स्पष्ट दिसावा आणि मागील गाडीच्या पाठीशी पांढऱ्या पाटीवर काळ्या ठळक अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे. १९८९ च्या नियमांत ह्या अक्षरांची उंची किमान ७५ मिलिमीटर आणि वेगाची मर्यादा ताशी २४ किलोमीटर अशी सांगितली होती. आजही ह्या मापांच्या आत राहणे शहाणपणाचे.

आता कोणी विचारील, ओढल्या जाणाऱ्या गाडीस परवानाधारक चालक कशाला? नुसते चाक तर धरायचे! येथेच मोठी गफलत होते. इंजिन बंद असले म्हणजे ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते. दोनतीन वेळा पाय दाबला की पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंगही जड पडते. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंगला कुलूप लागून गाडी वळेनाशी होते. म्हणून किल्ली चालू स्थितीत ठेवावी. त्यायोगे बॅटरीत दम असेतोवर मागचे दिवेही लागतात. अशी गाडी चालवणे हे चालत्या गाडीहून कठीण काम आहे. ते सोळा वर्षांच्या मुलाकडे सोपवणे म्हणजे त्यास संकटात लोटणेच नव्हे काय?

दोर बांधण्याचेही शास्त्र आहे. बहुतेक मोटारींच्या बंपरमध्ये एका छोट्या झाकणामागे आटे असतात. त्यांत बसवायची लोखंडी कडी जॅक व पान्याजवळ ठेवलेली सापडते. दोर तिलाच बांधावा. बंपरला अथवा आखाला कदापि नव्हे. साखळीपेक्षा जाड नायलॉनचा पट्टा बरा, कारण तो किंचित ताणून हिसका सोसतो. पट्ट्याच्या मध्यावर लाल फडके बांधावे व जुनी घोंगडी टाकावी, म्हणजे पट्टा तुटल्यास त्याचा फटका कमी बसतो. पुढच्याने अगदी हळू निघावे. मागच्याने पट्टा सदैव ताठ राहील इतपत हलका ब्रेक धरावा. हाताच्या खुणा आधी ठरवाव्या. मागच्या गाडीत बायकामुले बसवू नयेत. त्यांना दुसऱ्या वाहनाने पुढे पाठवावे.

काही गाड्या दोराने ओढूच नयेत. ब्रेक अथवा स्टिअरिंग निकामी असेल, गाडी ऑटोमॅटिक, चारही चाकांनी ओढणारी वा विजेवरची असेल, तर ती सपाट पाटाच्या क्रेनगाडीवर चढवूनच न्यावी. पातूरच्या घाटासारख्या उतारावर आणि अंधार पडल्यावरही हाच मार्ग. घरापर्यंत गाडी न्यायची असेल तर त्यासही हाच सरळ उपाय.

आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाविषयी विशेष सांगावेसे वाटते. तेथे मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे मागून येणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर कापते, तर दोराने बांधलेली जोडी जेमतेम ७ मीटर. अशा ठिकाणी दोराचा विचारही करू नये. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ रस्त्यावर थांबलेल्या मालट्रकवर प्रवासी टेम्पो आदळून १२ जीव गेले. थांबलेले वाहन किती घातक ठरते, हे त्यावरून कळते. म्हणून गाडी अगदी डावीकडे घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावे, लाल त्रिकोण बराच मागे उभा करावा, सर्वांनी कठड्यापलीकडे जावे आणि मार्गावरील फलकावरचा मदतक्रमांक फिरवावा. अकोला-वाशीम-हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने तेथे १०३३ हा क्रमांक आहे. अन्य संकटात ११२ आहेच.

आपले पुष्कळ बांधव म्हणतील, क्रेनवाला पैसे फार मागतो. खरे आहे. परंतु लग्नात मानपानावर होणारा खर्च आपण मोजत नाही आणि माणसाच्या जिवापाशी येताच मोजू लागतो! विमा उतरवताना रस्त्यावरील मदतीचे जोडकलम घ्यावे. त्यात जवळच्या गॅरेजपर्यंतची वाहतूक समाविष्ट आहे किंवा कसे, हे वाचून पाहावे. केवळ तृतीयपक्षाच्या विम्यात ती मिळत नाही.

शेवटी एक सूचना. प्रत्येक कुटुंबाने गाडीत नायलॉनचा पट्टा, लाल त्रिकोण, 'ऑन टो' अशी पाटी आणि विजेरी ठेवावी. मंडळाने तालुकावार विश्वासू क्रेनचालकांचे क्रमांक गोळा करून सभासदांस द्यावे. आणि कोणी आप्त रात्री दोर घेऊन धावून आला, तर त्याचे आभार मानून त्यास नम्रपणे सांगावे, "दादा, गाडी सकाळी नेऊ; आधी पोरांना घरी पोचवा." ह्यात त्याचा अवमान नाही, उलट त्याच्या मदतीचा सदुपयोगच आहे.