पुस्तक आपले, तर त्याचे शब्दही आपल्याला कळले पाहिजेत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान नाही. उभी हयात खामगावच्या जिनात गेली. रेच्यावर कापूस टाकला, प्रेसवर गाठी बांधल्या. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून वाचले. तरी समितीने आम्हाला बोलायला उभे केले, कारण गेल्या वर्षी आम्ही जिन कामगारांच्या आठवणींचे एक लहानसे पुस्तक स्वतः काढले. ते काढताना काही नवे शब्द शिकावे लागले. तेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहेत.

आपल्या वस्तीत लिहिणारे कमी नाहीत. कोणी गाणी रचतो, कोणी बापजाद्यांच्या हकिकती लिहून ठेवतो, कोण्या माउलीने जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवल्या आहेत. पण वही ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर. माणूस गेला की वही रद्दीत जाते. लिहिले पण छापले नाही, छापले पण टिकले नाही, तर पुढच्या पिढीला ते न लिहिल्यासारखेच.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. ताराबाई शिंदे आपल्याच बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या सरकारी कचेरीत नोकरीला, विचाराने सत्यशोधक. ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले आणि १८८२ साली ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. लोकांनी टीकेची झोड उठवली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आले नाही, आणि हे पुस्तक पुन्हा छापून यायला १९७५ साल उजाडले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. मधे ९३ वर्षे गेली! त्या पाचशेतली प्रत कुठेच शिल्लक राहिली नसती तर आज ताराबाईंचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

आता दुसरा दाखला बाबासाहेबांचा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण लिहून झाले, पण त्यातला काही मजकूर मंडळाला खटकला. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला आणि परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच पुस्तकरूपाने काढले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे होती. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्या किमतीवरही बोट ठेवले, दोन आणे किंवा निदान चार आणे ठेवायची होती म्हणून. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही छापले. स्वयंप्रकाशन म्हणतात ते हेच. मजकूर काय, किंमत किती, दुसरी आवृत्ती केव्हा, हे लेखकाने ठरवायचे.

आज छापखान्याच्या जोडीला संगणक आला, कंपन्या आल्या. आमच्या पुस्तकाच्या वेळी एका कंपनीचा फोन आला. तीस हजार भरा, बाकी सगळे आमच्यावर सोडा, म्हणाले. चार पानांचा करारनामा पाठवला. पुस्तक मराठी, लेखक मराठी, करारनामा इंग्रजी! आम्ही सही केली नाही. न कळणाऱ्या एकेका शब्दाखाली रेघ मारली आणि ग्रंथपाल, वकील, संगणकवाला पोरगा, जो भेटेल त्याला विचारत सुटलो. जे कळले ते सांगतो.

पहिला शब्द युनिकोड. पूर्वी डीटीपीवाले कृतिदेव, श्री-लिपी अशा फॉन्टांत मजकूर जुळवत. कागदावर छान दिसे, पण तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी नुसती भलतीच चिन्हे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच पाहिजे, हे पहिल्याच दिवशी सांगा. जुनी फाइल बदलून घेता येते, पण मग जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासा. 'वऱ्हाड' हा शब्द नीट उमटला का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

मग पीडीएफ आणि ईपब. पीडीएफ म्हणजे पानाचा जसाच्या तसा ठसा. पान जागचे हलत नाही, म्हणून छापखान्याला तीच लागते. पण म्हातारीने फोनवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ती पान सरकवतच बसते. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. म्हणून छपाईसाठी पीडीएफ आणि फोनवर वाचण्यासाठी ईपब, अशा दोन्ही फाइली मागून घ्या. पैसे आपण दिले, तर फाइली आपल्या घरी पाहिजेत.

प्रिंट ऑन डिमांड म्हणजे मागणी येईल तशी छपाई. एका माणसाने मागितली तर एकच प्रत निघते. घरात गठ्ठे पडून राहत नाहीत आणि फाइल शाबूत आहे तोवर पुस्तक संपत नाही. ताराबाईंच्या काळी ही सोय असती तर! पण एक प्रत महाग पडते. चौदा एप्रिलला, दीक्षाभूमीवर किंवा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉल लावून विकायचे असेल, तर जवळच्या छापखान्याचा भाव आधी विचारा.

आयएसबीएन या शब्दावर तर पुष्कळ लोक फसतात. जिनातल्या माणसाला तो चटकन समजेल. प्रेसमधून निघालेल्या प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक असतो. त्यावरून गाठ कुठली ते कळते. पण नंबर टाकणारा काही कापसाचा मालक होत नाही. आयएसबीएन तसाच. २००७ पासून तो तेरा आकडी आहे. आपल्या देशात दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते, आणि फुकट देते. त्याचेच कोणी हजारो रुपये मागत असेल तर कशाचे मागतो ते विचारा. छापील पुस्तकाला एक आणि ई-पुस्तकाला वेगळा, एवढे ध्यानात ठेवा.

मालकीचा शब्द आहे कॉपीराइट. आपण लिहिले त्या क्षणीच तो आपला होतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे तो आपल्या लेकरांचाही आहे. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनेच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' असे शब्द तिथे घातलेले असतात. त्या ओळीपाशी थांबा. छापायला दिले म्हणजे विकून टाकले, असे होता कामा नये.

दुसऱ्याच्या हक्काचेही तेच. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गाण्यांचा हक्क कायद्याने २०६४ अखेरपर्यंत शाबूत आहे. संग्रह काढायचा तर परवानगी घ्या. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची मुदत २०१६ अखेर संपली, ते कोणालाही छापता येतात. पण मराठी भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो.

रॉयल्टी म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा. पन्नास टक्के ऐकले की माणूस खूश होतो. पण कशाचे पन्नास टक्के? क्विंटलभर कापसातून रुई तेहतीस-चौतीस किलो निघते. मग भाव कापसाचा की रुईचा, हे विचारल्याशिवाय आपण सौदा करतो का? तसेच इथे विचारा, वाटा छापील किमतीवर की सगळा खर्च वजा जाऊन उरेल त्यावर?

एक्सक्लुझिव्ह म्हणजे फक्त आमच्याकडेच. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तिथे रॉयल्टीचे दर दोन, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे तर केडीपी सिलेक्ट योजनेत जावे लागते, आणि मग ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, विहाराच्या व्हॉट्सॲप गटावरसुद्धा नाही. छापील प्रत मात्र कुठेही विका. पैसा थोडा जास्त की वाचक जास्त, हे आपणच ठरवायचे.

आम्ही काय ठरवले तेही सांगतो. आयएसबीएन स्वतः घेतला, तीनशे प्रती गावातच छापल्या, ईपब फुकट वाटली. हक्क आमच्याजवळच आहेत. आणि एक काम विसरलो नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत पाठवायची असते. चार प्रतींचा टपालखर्च कितीसा येतो? पण पुढे कधी कोणी मालशे शोधत निघाला, तर त्याला ती सापडेल.

म्हणून तरुणांना विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वह्या माळ्यावरून खाली काढा. वाचा, युनिकोडमध्ये टाइप करा. पुढचा कागद समोर आला की एकेक शब्द विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सही करण्यात मात्र आयुष्यभराचे लिहिलेले जाते.