पऱ्हाट्यांचं इंधन

हिवाळा सुरू झाला की जळगाव-भुसावळकडच्या मळ्यांत भरिताच्या पंगती बसू लागतात. बामणोदकडची हिरवी-पांढरट, गरदार वांगी गॅसवर भाजलेली खानदेशी माणसाला चालत नाहीत. त्याला कपाशीच्या काड्यांचाच, म्हणजे पऱ्हाट्यांचाच, जाळ लागतो. पऱ्हाट्या चटकन पेटतात आणि आच धगधगीत देतात. साल करपते, गर आतल्या आत शिजतो आणि धुराचा वास त्यात मुरतो. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण नि कांद्याच्या पातीसह ठेचणं सुरू होतं. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची चव घडवणाऱ्या इंधनाकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

खानदेश हा कापसाचा मुलूख. वेचणी संपली की एकेका हेक्टरात दोन-तीन टन पऱ्हाट्या उभ्या राहतात. पूर्वी घरोघरी त्यांचा गंज रचलेला असे आणि वर्षभराची चूल त्यावर चाले. सिलिंडर आलं आणि चुलीपुढे खोकणाऱ्या बायकांची धुरातून सुटका होऊ लागली. ही मोठीच गोष्ट झाली. पण पऱ्हाट्यांचं करायचं काय, हा प्रश्न बांधावर येऊन पडला. अनेक जण त्या शेतातच पेटवून देतात.

बांधावर रचून ठेवणं तर आणखी महागात पडतं. काड्यांना चिकटलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत तग धरते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर उतरते.

पण याच पऱ्हाट्या विजेच्या कामी येऊ शकतात. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र उभं आहे. तिथे 2012 साली 500 मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. त्यांच्यासाठी दगडी कोळसा जिल्ह्याबाहेरून रेल्वेने येतो. वाळलेल्या पऱ्हाट्यांची उष्णता आपल्याकडच्या साध्या कोळशाच्या जवळपास भरते, राख मात्र कितीतरी कमी पडते. कोळशात शेतातल्या टाकाऊ मालाच्या कांड्या मिसळाव्यात, असं धोरण केंद्र सरकारने 2017 सालीच आणलं. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था 1924 पासून कापसावर काम करते आहे. पऱ्हाट्यांपासून इंधनकांड्याच काय, फळ्याही बनतात, हे तिने दाखवून दिलं आहे.

धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला 2013 पासून 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प वीज देतो. दोन्हींचं मोल मोठं आहे. पण वारा पडतो, सूर्य मावळतो. पऱ्हाट्यांमधलं ऊन मात्र कांड्या करून कोठारात ठेवता येतं.

अडचण आहे ती गोळा करण्याची. पऱ्हाट्या हलक्या, पसरट. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन भरत नाही आणि वाहतुकीतच पैसा संपतो. म्हणून त्यांचा भुगा गावातच व्हायला हवा. भुगा करणारं यंत्र एकट्या शेतकऱ्याला झेपणारं नाही. ते गटाने किंवा शेतकरी कंपनीनेच घ्यायला हवं. ज्यांच्या गावात ती सोय नाही, त्यांनी पऱ्हाट्या बारीक करून जमिनीत गाडाव्यात. काळ्या मातीला सेंद्रिय कर्ब मिळेल.

श्रोतेहो, यंदा वेचणी आटोपली की फरदड धरू नका, म्हणजे तेच पीक पुढे राखू नका, पऱ्हाट्या बांधावर साठवू नका आणि त्यांना काडीही लावू नका. यंत्राची सोय कशी करायची, हे मात्र गावाच्या बैठकीत आजच ठरवा.