हार्वेस्टरची खरी परीक्षा



पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात दर्यापूर तालुका मोडतो. भूगर्भातील पाणी खारे असल्याने येथे विहिरीच्या ओलिताचा भरवसा नाही. काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवरच रब्बीचा हरभरा पिकतो. ही ओल सरली की शिवारभर पीक एकाच सुमारास वाळते, सोंगणीस मजूर अपुरे पडतात आणि अवकाळी पावसाची धास्ती लागून राहते. अशा वेळी कापणी, मळणी व सफाई एकाच फेरीत उरकणारे कंबाइन हार्वेस्टर शेतकऱ्यास जवळचे वाटावे, यात नवल नाही. मात्र यंत्राची निवड केवळ “तासाला किती एकर?” या प्रश्नावर होऊ नये.

या यंत्रांत मळणीच्या दोन पद्धती प्रमुख आहेत. जुन्या पद्धतीत पीक आडव्या ढोलात शिरते आणि ढोल व जाळी यांच्यामध्ये झोडपले जाते. दुसरीत ते लांब रोटरभोवती फिरत पुढे सरकते व दाणा हळूहळू घासून सुटतो. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास या दुसऱ्या पद्धतीची यंत्रे बाजारात आली. तीत दाणा फुटण्याचे प्रमाण साधारणपणे कमी राहते. हरभऱ्याचा दाणा फुटला की त्याची डाळ होते. तो बियाणे म्हणून निरुपयोगी ठरतो. म्हणून यंत्र कोणतेही असो, गव्हाच्या मानाने ढोलाचा वेग कमी व जाळीचे अंतर अधिक ठेवणे अगत्याचे आहे.

परंतु हरभऱ्याचे मोठे नुकसान बहुधा यंत्राच्या पोटात होत नाही, ते पात्यापाशी होते. झाड बुटके व पसरट असेल तर खालचे घाटे पात्याखाली राहतात. पाते फार खाली नेले तर ढेकळे आत जातात. जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकणारे लवचीक पाते येथे उपयोगी पडते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले विक्रम’ व अकोल्याच्या विद्यापीठाचा ‘पीडीकेव्ही कनक’ हे वाण यंत्राने काढणीस योग्य म्हणून पुढे आले आहेत. सुधारलेले यंत्र व उंच, उभट वाण यांची जोडी जमली तरच लाभ पदरी पडतो.

वेगाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १४ फुटी पात्याचे यंत्र ताशी ३ किलोमीटर चालले व वळणे, थांबे यांत तीस टक्के वेळ गेला, तर तासाला सुमारे सव्वादोन एकर काढणी होते. वेग ताशी ५ किलोमीटर केला तर पावणेचार एकरांच्या आसपास होते. मात्र कडक उन्हात, वाळलेल्या पिकात एवढी घाई केली तर घाटे फुटून दाणे भुईवर सांडतात.

हे सांडणे मोजता येते. चार काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करावी. यंत्र येण्यापूर्वी चौकटीत गळालेले दाणे मोजावेत, यंत्र गेल्यावर त्याच पट्ट्यात पुन्हा मोजावेत आणि वजाबाकी करावी. पाच-सहा ठिकाणी हेच करून सरासरी काढावी. शंभर दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले, तर चौकटीत सरासरी १० दाणे म्हणजे एकरी ८ किलो, आणि ६० दाणे म्हणजे एकरी जवळजवळ अर्धा क्विंटल हरभरा मातीत गेला. टाकीतील शंभर दाण्यांत फुटके किती, हेही पाहावे. शाळेतील मुलांना यापरता गणिताचा जिवंत पाठ कोणता?

दोन गोष्टींचा विचार यापुढेही राहतो. मळणीयंत्राजवळ ढिगाने मिळणारे कुटार हार्वेस्टरमागे शेतात विखुरते. जनावरांच्या वैरणीची तजवीज आधीच करावी लागते. शिवाय सोंगणीची मजुरी बुडते, आणि ती मुख्यतः स्त्रियांची असते. ग्रामसभेने हंगामापूर्वी या दोहोंचा विचार करावा, भाडे ठरविण्याआधी एका शेतात यंत्राची चाचणी घ्यावी आणि मोजणीचा आकडा पंचायतीच्या फलकावर लिहावा. यंत्राची खरी परीक्षा ते गेल्यानंतर मागे उरलेल्या भुईवर होते.